मॉरिसचे न दिसणारे खड्डे

माणसाला वैरी नसला तरी चालतं, एक मेहुणा असला की भागतं. मॉरिस कॅचपोलचा मेहुणा ट्रेव्हर, म्हणजे त्याच्या बायकोचा धाकटा भाऊ, गहू कापून नेलेल्या रानात धसकटांवर गुडघे टेकून बसला होता आणि पुरलेलं हाड हुडकणाऱ्या कुत्र्यासारखी दोन्ही हातांनी माती मागं उडवत होता. माती मॉरिसच्या बुटांवर पडत होती.

"ट्रेव्हर, चादर कुठंय तुझी?"

"गाडीत."

"गाडीत काय करतेय ती?"

"काय करणार बिचारी. पडलीय."

"चादर बाजूला पसरायची, निघेल ती माती तिच्यावर ठेवायची, काम झालं की चारी टोकं धरून परत खड्ड्यात ओतायची. किती वेळा सांगितलं?"

"मोजलं नाही," ट्रेव्हर म्हणाला आणि मातीतून बिअरच्या डब्याचं वाकडं झाकण काढून त्यानं उन्हात धरलं. "रोमन असेल का रे?"

मॉरिसनं बुटांवरची माती झटकली. रागाच्या भरात बोललं की रक्तदाब वाढतो, असं डॉक्टरनं बजावलं होतं, आणि ट्रेव्हर बरोबर यायला लागल्यापासून बोलायची वेळ रागाशिवाय येतच नव्हती.

मॉरिसनं जन्मभर लोकांच्या घरात गालिचे बसवले. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गालिचा अंथरायचा आणि दोन तुकड्यांचा जोड कुठं आहे ते खुद्द मालकालाही सापडू द्यायचं नाही, हा त्याचा धंदा आणि हाच त्याचा गर्व. निवृत्त झाल्यावर त्यानं जमिनीतला धातू हुडकणारा डिटेक्टर घेतला आणि तो हेडफोन लावून सफक या इंग्लिश परगण्यातल्या रानांतून फिरू लागला. नाणी, पट्ट्यांची बक्कलं, गुंड्या सगळ्यांनाच सापडतात. मॉरिसचं नाव झालं ते खड्ड्यांमुळे. गवतात सुरी घालून बशीएवढी गोल चकती कापायची, केक उचलावा तशी अलगद उचलून बाजूला ठेवायची, खालची माती चादरीवर काढायची, वस्तू मिळाली की माती परत भरायची, वर चकती बसवायची, टाचेनं दाबायची आणि हातानं गवत उलटसुलट चोळून जोड मिटवायचा. डिटेक्टरवाल्यांच्या क्लबात कुणी नवा आला की त्याला पहिला धडा मॉरिसच द्यायचा. "चांगला खड्डा तो," तो म्हणायचा, "जो दुसऱ्या दिवशी आपला आपल्याला सापडत नाही."

आणि नशिबी आला ट्रेव्हर. त्याची बायको स्पेनला गेली ती परत यायचं नावच घेईना, तेव्हापासून ट्रेव्हर येऊन मॉरिसच्या सोफ्यावर पडला. सकाळपासून टीव्हीवर जुन्या वस्तूंचे लिलाव बघायचा आणि प्रत्येक वस्तूची किंमत मोठ्यानं चुकीची सांगायचा. शेवटी हेझल, म्हणजे मॉरिसची बायको, कपड्यांना इस्त्री करता करता म्हणाली, "त्याला ने तुझ्याबरोबर."

"त्याला खणता येत नाही."

"मग शिकव. क्लबात साऱ्या जगाला शिकवतोस ना? माझा भाऊ तेवढा जड झाला?"

 दुसऱ्या दिवसापासून ट्रेव्हर बरोबर.

त्या वर्षी मे महिन्यानंतर पावसाचं नाव नव्हतं. नळीनं बागेला पाणी घालायला बंदी आली होती. सफकची चिकण माती आधीच हट्टी, त्यात उन्हानं तिची वीट झाली होती. भेगांत अख्खा हात जायचा. क्लबाचा अशा वेळचा नियम साधा होता: गवत पिवळं पडलं की कुरणावर फावडं लावायचं नाही, कापणी झालेल्या रानातच काय ते खणायचं. कोरड्या जमिनीत गवताचं मूळ तोडलं तर ते परत धरत नाही. हा नियम दर उन्हाळ्यात क्लबात उभा राहून टेबलावर मूठ आपटून कोण सांगायचं? मॉरिसच.

आणि नेमकं त्याच उन्हाळ्यात त्याला चर्चमागचं कुरण मिळालं.

ते कुरण म्हणजे मॉरिसचा जीव की प्राण. त्याला कधी नांगर लागला नव्हता. जुन्या काळी तिथं जत्रा भरायची, दारू प्यायली जायची, मेंढ्या विकल्या जायच्या, आणि जिथं माणसं पितात आणि पैसे मोजतात तिथं पैसे पडतात, एवढं समजायला विद्वान लागत नाही. बाकीची सगळी रानं डिटेक्टरवाल्यांनी पिंजून काढलेली. या एका कुरणावर कुणाचा पाय पडला नव्हता, कारण मालक म्हातारा हार्वी गेज कुणाला पाय ठेवू देत नव्हता. फार पूर्वी कुणा गाढवानं खड्डा उघडा टाकला आणि गेजच्या कालवडीचा पाय त्यात जाऊन मोडला. तेव्हापासून डिटेक्टर दिसला की म्हातारा कुत्रा सोडायचा. मॉरिस दर नाताळाला व्हिस्कीची बाटली घेऊन त्याच्या दारात जायचा. म्हातारा बाटली घ्यायचा, "नाही" म्हणायचा आणि दार लावायचा. वर्षानुवर्षं हा व्यवहार बिनतक्रार चालला.

हार्वी गेज हिवाळ्यात वारला. जुलैत त्याच्या बायकोनं मॉरिसला बोलावलं.

"तुमची व्हिस्की त्याला आवडायची," मिसेस गेज म्हणाल्या. "ती घेऊन तो तुम्हाला नाही म्हणायचा, ते माझ्या मनाला लागून राहिलंय. कुरण आत्ता रिकामं आहे. सप्टेंबरात एका बाईंची घोडी येणार आहेत, त्यांना ते भाड्यानं दिलंय. तोवर बघा काय बघायचं ते."

"आणि त्यानंतर?"

"घोडी हिवाळ्यात तबेल्यात जातात. तेव्हा दर वर्षी तुम्ही या. पण एक अट आहे. तुम्ही कुठं खणलंत ते मला दिसता कामा नये. दिसलं की संपलं."

मॉरिसला त्या क्षणी जो आनंद झाला तो त्याला लग्नातही झाला नव्हता. अर्थात हे घरी सांगायची सोय नव्हती. "दिसता कामा नये" ही अट त्याला अट वाटलीच नाही. ती त्याला पदवी वाटली. आता पुढचे सगळे हिवाळे, हात-पाय चालतील तोवर, ते कुरण त्याचं होतं. फक्त हा एक महिना नीट पार पाडायचा.

"पण गवत तर पिवळं आहे," गाडीत ट्रेव्हर म्हणाला. "तूच म्हणतोस ना, पिवळ्या गवतात खणायचं नाही?"

"ते ज्यांचे हात वळत नाहीत त्यांच्यासाठी."

"म्हणजे माझ्यासाठी."

"आज पहिल्यांदा बरोबर बोललास."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हिवाळ्यापर्यंत थांबता येत नव्हतं का? येत होतं. सप्टेंबरात घोडी आली असती, हिवाळ्यात गेली असती, ओल्या मातीत लोण्यासारखी सुरी चालली असती. पण इतकी वर्षं ताटकळलेल्या माणसाच्या पुढ्यात ताट आलं की तो वाफ जायची वाट बघत नाही.

कुरणावर पहिल्याच दिवशी दोघांची जुंपली. मॉरिसनं काठ्या रोवून सरळ ओळी आखल्या आणि एका ओळीतून जाऊन दुसऱ्या ओळीतून परत यायला सुरुवात केली. यंत्र वाजलं की गुडघे टेकायचे, चादर पसरायची, सुरी पूर्ण गोल फिरवायची. जमीन इतकी कडक की मनगट दुखून यायचं, तरी कडेला तो एवढासाही दातरा पडू देत नव्हता. चकती बसवून झाली की दोन पावलं मागं सरून बघायचा. काही दिसायचं नाही. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान यायचं ते खड्ड्यातून निघालेल्या वस्तूकडे बघून मुळीच आलं नसतं, कारण निघत होती ती काडतुसांची बुडं आणि डब्यांची झाकणं.

ट्रेव्हर वाट फुटेल तिकडं फिरत होता. त्याची खणायची तऱ्हा वेगळीच. तीन बाजूंनी फावडं मारायचं आणि चौथ्या बाजूला नुसतं गवताचं झाकण पेटीसारखं उलटायचं.

"चौथी बाजू कुणी कापायची?" मॉरिसनं विचारलं. "तुझ्या बहिणीनं?"

"उघडतंय ना? मग कशाला कापायची?"

"कारण ते बेंगरूळ दिसतं. कडा वर आलीय बघ."

"बसेल खाली. माझंही पोट बसलं की."

"कुठं बसलंय?"

ट्रेव्हरनं पोटाकडं पाहिलं आणि विषय सोडला. मग त्यानं बाटली काढली आणि खड्ड्यात पाणी ओतलं. झाकण बंद केल्यावर राहिलेलं पाणी वरून ओतलं.

"हे काय चाललंय?"

"घट्ट आहे ना माती. जरा मऊ होते."

"चिखल होतो, ट्रेव्हर. चिखल म्हणजे डाग. आणि ती बाटली कुणाची आहे?"

ट्रेव्हरनं बाटली उलटी करून पाहिली. "तुझी," तो म्हणाला. "माझी मघाशीच संपली."

मॉरिसच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भांडून उपयोग नव्हता, खड्डे तर मिसेस गेजना दिसणार होते. मग तो ट्रेव्हरच्या मागोमाग फिरून त्याचे खड्डे निस्तरू लागला. ट्रेव्हरनं लावलेलं झाकण परत उघडायचं, न कापलेली चौथी बाजू सुरीनं कापायची, कडा गोल करायच्या, चिखल काढून कोरडी माती घालायची आणि चकती नीट बसवून टाकायची. स्वतःचं काम राहिलं बाजूला आणि लष्कराच्या भाकऱ्या थापणं सुरू झालं. दोन दिवसांनी त्यानं हात टेकले.

"असं कर," तो म्हणाला, "तू तिकडं ओढ्याच्या बाजूला जा. तिकडं चर्चमधून कुणाला दिसत नाही, घराच्या दारातून नीट दिसत नाही. आणि मला तर अजिबात दिसू नकोस."

"तिकडं काय आहे?"

"काही नाही. म्हणून तर जा म्हणतोय."

ट्रेव्हर गेला. तासाभरानं ओढ्याकडून त्याची हाक आली. चिखलानं भरलेल्या तळहातावर नखाएवढं पातळ चांदीचं नाणं होतं. एका बाजूला कुणा राजाचं तोंड, दुसऱ्या बाजूला क्रॉस. मॉरिसनं कुरण मागितलं होतं ते अशा एका नाण्यासाठी.

"चांगलं आहे का?" ट्रेव्हरनं विचारलं.

"ठीक आहे," मॉरिस म्हणाला. त्यानं नाणं दोनदा उलटंपालटं करून पाहिलं. "झाकण नीट लाव त्या खड्ड्याचं."

मिसेस गेजनी ते नाणं उकडलेलं अंडं ठेवायच्या कपात घालून खिडकीत मांडलं आणि येईल जाईल त्याला दाखवू लागल्या. "तुमच्या मेहुण्याचा हात चांगला आहे," त्या मॉरिसला म्हणाल्या. मॉरिस हसला. ते हसू त्याला संध्याकाळपर्यंत दुखत होतं.

ऑगस्ट संपला त्या दिवशी त्या स्वतः कुरणभर फिरल्या. काठीनं इकडं ढोसलं, तिकडं ढोसलं. सगळं कुरण खाकी पोत्यासारखं एका रंगाचं होतं. "मला एकही दिसत नाही, मिस्टर कॅचपोल," त्या म्हणाल्या. "हार्वी उगाच घाबरला म्हणायचा." मॉरिसनं त्या रात्री हेझलला न मागता बाहेर जेवायला नेलं. ट्रेव्हरलाही नेलं, यावरून तो किती खुशीत होता ते समजावं.

मग पाऊस आला. चांगला आठवडाभर पडला. नळीवरची बंदी उठली, लोकांच्या बागा हिरव्या झाल्या, कापणीच्या रानांत नवा पेरा सुरू झाला. आणि एका मंगळवारी सकाळी फोन वाजला.

"मिस्टर कॅचपोल," मिसेस गेजचा आवाज थंड होता. "तुमच्या मेहुण्यानं काय करून ठेवलंय ते जरा येऊन बघता का?"

मॉरिसनं फोन ठेवला आणि सोफ्याकडं पाहिलं. ट्रेव्हर टोस्ट खात होता.

"ऊठ," मॉरिस म्हणाला. "केलंस वाटोळं."

वाटभर तो बोलत राहिला. चादरीबद्दल बोलला, चौथ्या बाजूबद्दल बोलला, पाण्याबद्दल तर दोनदा बोलला. पालथ्या घड्यावर पाणी म्हणाला. इतकी वर्षं म्हाताऱ्याला पाजलेली व्हिस्की काढली. ट्रेव्हर एरवी प्रत्येक वाक्याला आपलं एक वाक्य चिकटवायचा. आज तो खिडकीबाहेर बघत नुसता बसून राहिला. याला शरम वाटतेय, मॉरिसनं ओळखलं, आणि वाटायलाच हवी.

"मी आत येत नाही," फाटकाशी ट्रेव्हर म्हणाला. "तू जा."

"तोंड आहे का यायला?" मॉरिस म्हणाला आणि गाडीचं दार आपटून गेला.

मिसेस गेज त्याला घेऊन वरच्या मजल्यावर गेल्या, आपल्या झोपायच्या खोलीत, आणि त्यांनी खिडकीचा पडदा सारला. "बघा," त्या म्हणाल्या.

खाली कुरण हिरवंगार झालं होतं. आणि त्या हिरव्यात करड्या चकत्या होत्या. नव्याकोऱ्या गालिच्यावर कुणी ओळीनं तापलेली पातेली टेकवून उचलावीत, तसे डाग. बशीएवढे, एकसारखे, कडा सुरेख, आणि, दोन-चार वगळता, चर्चच्या भिंतीपासून ओकच्या झाडापर्यंत सरळ रांगांत. काही चकत्या आकसून खाली खचल्या होत्या. ओढ्याच्या बाजूला मात्र एक डाग नव्हता. तिकडं हिरवं ते हिरवंच होतं.

मॉरिसला सांगावं लागलं नाही. मूळ चारी बाजूंनी त्यानं कापलं होतं. विटेसारख्या मातीत पाण्याचा थेंब न घालता त्यानं चकत्या परत बसवल्या होत्या आणि त्या तिथंच वाळून मेल्या होत्या. सगळं कुरण खाकी होतं तोवर मेलेलं आणि निजलेलं गवत एकसारखं दिसत होतं. ज्याची चौथी बाजू आळसानं कापायची राहिली आणि ज्याच्यावर मॉरिसची बाटली रिकामी झाली, ते गवत जगलं होतं. ट्रेव्हरचे जे खड्डे मॉरिसनं निस्तरले होते, तेही मेले होते. 

"रविवारी तो आला होता," मिसेस गेज म्हणाल्या.

"कोण?"

"तुमचा मेहुणा. पायवाटेनं जाताना त्याला दिसलं म्हणे. टोपी काढून दारात उभा राहिला आणि म्हणाला, हे सगळं माझं काम, मॉरिस मला सारखा सांगत होता, मी ऐकलं नाही. त्याच्यावर राग धरू नका." त्यांनी खिडकीबाहेर बोट केलं. "त्या घोड्यांच्या बाईंनी काल येऊन कुरण बघितलं. त्यांचा बूट एका चकतीत घोट्यापर्यंत गेला. आता त्यांना कुरण नको. माझं भाडं गेलं, पण माणूस प्रामाणिकपणे कबूल झाला म्हणून मी पोलिसांत जाणार नाही. तो परत इथं येता कामा नये. तुमचं तुम्ही या. आता घोडीही यायची नाहीत, तेव्हा हिवाळ्यात हवं तितकं खणा. तुमच्या कामाबद्दल माझी तक्रार नाही."

मॉरिसनं तोंड उघडलं आणि मिटलं. कुरण शाबूत होतं. नुसतं मिटलेलं तोंड मिटलेलंच ठेवायचं होतं. ट्रेव्हरचं काय, त्याला सोफा होता. मॉरिस खिडकीशी मान हलवत उभा राहिला. हलवायची म्हणून हलवली मान.

"पण काय गबाळा माणूस हो," मिसेस गेज म्हणाल्या.

"हो," मॉरिस म्हणाला.

"कसंही खणलंय नुसतं."

"हं."

"ओबडधोबड. काही ताळतंत्र नाही."

मॉरिसनं खिडकीच्या चौकटीवर हात ठेवला. "ओबडधोबड नाही म्हणता येणार," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे वाळलेत, ते खरं. पण ओबडधोबड नाहीत. कडा बघा ना."

"कडा कसल्या बघायच्या? आमची मांजर याहून बरं खणते."

 गालिच्याच्या धंद्यात लोक त्याला चिकट म्हणाले होते, महाग म्हणाले होते, उशिरा येतो म्हणाले होते. त्याच्या कापणीला मांजरीची उपमा कुणी दिली नव्हती. त्यानं डॉक्टर आठवला, हिवाळे आठवले, म्हाताऱ्याच्या दारातल्या सगळ्या बाटल्या आठवल्या.

"आंधळ्यानंसुद्धा याहून सरळ..." मिसेस गेजनी सुरुवात केली.

"सरळच आहेत ते," मॉरिस म्हणाला. "दोरी लावून बघा. ट्रेव्हरला जन्मात अशी ओळ धरता यायची नाही, मिसेस गेज. त्याला बटाटा गोल सोलता येत नाही, तो असा खड्डा कुठून काढणार? एकूण एक खड्डा माझा आहे. त्याचे ते तिकडे, ओढ्याकडे. दिसतात का? नाही ना दिसत? ते त्याचे."

 खाली कुठं तरी कोंबडी ओरडत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण हे शहाणपण तोंडातून शब्द गेल्यावर येतं.

"तुमचे," मिसेस गेज म्हणाल्या.

"माझे."

"मग तो का म्हणाला त्याचे आहेत?"

"मला काय माहीत," मॉरिस म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याला कळलं. त्याचे कान तापले. तो खालच्या फाटकाकडं बघायचं टाळू लागला.

मिसेस गेजनी पडदा परत ओढला. "हार्वीचं बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "बाटली घ्यावी आणि दार लावावं. एकानं कुरण नासवलं आणि दुसरा माझ्या दारात उभा राहून माझ्याशी खोटं बोलला. आता तुम्ही येऊ नका, मिस्टर कॅचपोल. तोही नको. जाताना फाटक लावून घ्या."

गाडीत ट्रेव्हर अंड्याचं सँडविच खात होता. मॉरिसला बघून त्यानं सीटवरचे तुकडे झटकले. त्याचा चेहरा खुलला होता.

"झालं ना? मग कधीपासून जायचं तू? नोव्हेंबर?"

"कधीच नाही."

"का? मी तर सगळं सांगून आलो होतो तिला."

"मी तिला सांगितलं, ते खड्डे माझे आहेत."

ट्रेव्हर चावायचा थांबला. "का?"

"ती ओबडधोबड म्हणाली," मॉरिस म्हणाला.

 ट्रेव्हरनं उरलेलं सँडविच परत कागदात गुंडाळलं, जे त्यानं आयुष्यात कधी केलं नव्हतं, आणि ते डॅशबोर्डवर ठेवलं.

"मॉरिस," तो म्हणाला, "मी त्या बाईसमोर टोपी काढून उभा राहिलो. मला नाही आवडत कुणासमोर टोपी काढायला, डोक्यावर केस नाहीत माझ्या. तिनं मला दारातच पंधरा मिनिटं झोडलं. मी ऐकून घेतलं. म्हटलं, माझं काय, मी कुठंही वाईट खणू शकतो. हा माणूस एका कुरणापायी म्हातारा झालाय, त्याला मिळू दे. तुझ्या पुढ्यात कुरण वाढून ठेवलं होतं मी. तुला फक्त तोंड मिटून जेवायचं होतं."

"म्हणजे तुला माहीत होतं, ते माझे आहेत?"

"मला हिरवा रंग दिसतो, मॉरिस."

"मग वाटेत मी एवढं बोललो, तेव्हा का नाही बोललास?"

"बोललो असतो तर ऐकलं असतंस?"

मॉरिसला लाज वाटली, आणि ती चांगली सणसणीत वाटली. वाटभर काढलेला एकेक शब्द त्याला परत ऐकू येऊ लागला. काही तरी म्हणायला हवं होतं. ज्याला जन्मात चादर पसरता आली नाही त्या माणसानं त्याच्यासाठी हे केलं होतं, आणि त्यानं ते एका शब्दापायी घालवलं होतं. पण असल्या वेळी म्हणायचे शब्द त्याच्याजवळ कधीच नव्हते. जे होते ते सगळे येताना वापरून झाले होते.

"हेझलला मी सांगेन," ट्रेव्हर म्हणाला. त्याचा आवाज थकला होता. आता वैताग त्याच्या वाटणीचा होता. "तू घरी गेल्यावर एक अक्षर बोलू नकोस. चल, गाडी काढ."

मॉरिसनं गाडी काढली. चर्च मागं पडलं, मग ओढ्यावरचा पूल, मग गावाची पाटी.  इतकी सक्तीची शांतता त्यानं कधी पाळली नव्हती आणि पाटीच्या पुढं ती त्याला पेलेना.

"पण गोल तर होते ना?" तो म्हणाला.

ट्रेव्हरनं काच खाली केली आणि डोकं बाहेर काढून वारं खात बसला.